पंपाच्या पाण्यानंतरची हेलन केलर: कॉलेजात जाण्यासाठी तिला काय काय करावं लागलं?

हेलन केलरचं नाव आपण शाळेतच ऐकलेलं असतं. दिसत नाही, ऐकू येत नाही अशी एक लहान मुलगी. तिची शिक्षिका तिचा एक हात पंपाच्या पाण्याखाली धरते आणि दुसऱ्या तळहातावर 'पाणी' या शब्दाची इंग्रजी अक्षरं बोटांनी उमटवते. मुलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. वस्तूंना नावं असतात, हे तिला कळतं. टाळ्या. गोष्ट संपली.

तेव्हा हेलन जेमतेम पावणेसात वर्षांची होती. ती जगली जवळजवळ 88 वर्षं.

2005 साली आलेला संजय लीला भन्साळींचा 'ब्लॅक' तुम्ही पाहिला असेल. राणी मुखर्जीची मिशेल ही व्यक्तिरेखा हेलनच्या आयुष्यावरूनच सुचलेली. सिनेमातली मिशेल कॉलेजात वर्षानुवर्षं नापास होत राहते. खऱ्या हेलनचं तसं झालं नाही. तिने चार वर्षांत पदवी घेतली, तीही विशेष गुणवत्तेसह. मात्र त्या कॉलेजात पाऊल ठेवण्यासाठी तिला आधीची चार वर्षं खटपट करावी लागली. या खटपटीत तिची बुद्धी कुठेच कमी पडली नाही. पुस्तकं वेळेवर न येणं, प्रश्नपत्रिकेची लिपी वेगळी असणं, वाचून दाखवणाऱ्या माणसाला परीक्षेच्या खोलीत मनाई असणं, अशा गोष्टींनी तिला अडवलं.

आज आपल्याकडे दिव्यांग मुलांच्या पालकांना दहावी-बारावीनंतर एकच प्रश्न पडतो, पुढे काय? हेलनच्या आयुष्यातली 16 ते 24 ही वर्षं त्याच प्रश्नाची आहेत. म्हणून आज तीच वर्षं जरा सविस्तर बघू.

आधी थोडं बालपण

हेलनचा जन्म 27 जून 1880 चा, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावातला. वडील आर्थर केलर एका वर्तमानपत्राचे संपादक. हेलन 19 महिन्यांची असताना तिला मोठं आजारपण आलं आणि त्यात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलं.

आई केट यांनी चार्ल्स डिकन्सचं अमेरिकेच्या प्रवासावरचं पुस्तक वाचलेलं होतं. त्यात लॉरा ब्रिजमन या मुलीची हकिकत होती. लॉरालाही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, तरी बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत ती शिकली होती. त्या आशेवर केलर कुटुंब आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, तिथून टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे आणि बेल यांच्या सल्ल्याने पर्किन्सकडे पोहोचलं. पर्किन्सने 3 मार्च 1887 रोजी शिक्षिका पाठवली. तिचं नाव अ‍ॅन सुलिव्हन. वय 20. गरीब आयरिश घरातली, लहानपणीची काही वर्षं अनाथालयासारख्या गरीबगृहात काढलेली, स्वतःची नजर अधू. महिन्याभरात पंपाचा तो प्रसंग घडला.

इथे लॉरा ब्रिजमनचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. लॉरा शिकली, जगभर नाव झालं. पण शिक्षण संपल्यावर तिच्यासाठी पुढची वाटच नव्हती. घरी परतून बघितलं, तिथे तब्येत ढासळली. मग ती पर्किन्समध्येच परत आली आणि शिवणकाम, घरकाम करत 1889 साली मरेपर्यंत तिथेच राहिली. शाळा होती, शाळेनंतरचं काही नव्हतं. अ‍ॅन सुलिव्हन पर्किन्सला लॉराच्या सोबत राहिलेल्या. हातावर अक्षरं उमटवणं त्या लॉराशी गप्पा मारता याव्यात म्हणून शिकल्या होत्या. शिकलेल्या मुलीचं पुढे काय होऊ शकतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

ठरलं, कॉलेजात जायचं

हेलन भराभर शिकली. ब्रेल, टाइपरायटर, फ्रेंच, जर्मन, थोडं बोलणंही. 1894 ते 1896 ती न्यूयॉर्कच्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत होती. मात्र तिच्या मनात लहानपणापासून कॉलेज होतं, आणि तेही हार्वर्ड.

हार्वर्डमध्ये तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी शेजारी रॅडक्लिफ कॉलेज होतं, जिथे हार्वर्डचेच प्राध्यापक शिकवायला येत. प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागे. पेपर हार्वर्डचे, वेळ हार्वर्डची.

या परीक्षेच्या तयारीसाठी ऑक्टोबर 1896 मध्ये हेलन केंब्रिज स्कूल फॉर यंग लेडीज या शाळेत दाखल झाली. हे केंब्रिज इंग्लंडमधलं नव्हे, बोस्टनशेजारचं. ही अंध किंवा कर्णबधिर मुलांची शाळा नव्हती. सगळ्या मुली बघणाऱ्या-ऐकणाऱ्या. तिच्यासारख्या विद्यार्थिनीला शिकवायचा इथल्या शिक्षकांना काही अनुभव नव्हता.

मग वर्ग चालायचा कसा? अ‍ॅन सुलिव्हन शेजारी बसत आणि शिक्षक जे बोलतील ते सगळं हेलनच्या तळहातावर अक्षर-अक्षर उमटवत. हेलनचे हात असे 'ऐकण्यात' गुंतलेले, त्यामुळे वर्गात टिपणं काढता येत नसत. घरी आल्यावर आठवेल तसं टाइप करायचं. पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती. काही स्नेह्यांनी लंडन आणि फिलाडेल्फियाहून उठावाच्या अक्षरांतली पुस्तकं मिळवून दिली, पण ती येईपर्यंत अभ्यासक्रम पुढे गेलेला असे. तोवर पुस्तकंही हातावरच वाचली जात. मुख्याध्यापक आर्थर गिलमन आणि जर्मनच्या शिक्षिका यांनी मात्र हेलनसाठी बोटांची अक्षरं शिकून घेतली. शाळेत तेवढी दोनच माणसं. पण त्या दोघांशी हेलन थेट बोलू शकत होती.

या सगळ्याचा खर्च कुणी केला? वडील 1896 मध्येच वारले होते. लेखक मार्क ट्वेन यांनी शब्द टाकला आणि स्टँडर्ड ऑइल कंपनीतले धनाढ्य हेन्री रॉजर्स यांनी तिच्या शिक्षणाचा भार उचलला. एका मुलीच्या कॉलेजसाठी एवढी मोठी माणसं मध्ये पडावी लागली, हे लक्षात ठेवा. आपण पुढे त्यावर येऊ.

पहिली परीक्षा: उमेदवार क्रमांक 233

जून 1897 च्या शेवटी प्राथमिक परीक्षा झाली. नियमाप्रमाणे उमेदवाराचं नाव कुणाला कळू द्यायचं नाही, फक्त क्रमांक. हेलनचा क्रमांक 233. पण ती टाइपरायटरवर उत्तरं लिहिणार, त्यामुळे तिची ओळख लपणं अशक्यच होतं.

टाइपरायटरच्या खडखडाटाचा इतरांना त्रास नको म्हणून तिला वेगळी खोली दिली. गिलमन स्वतः प्रश्नपत्रिका वाचून हातावर उमटवत. हेलन ते वाक्य मोठ्याने म्हणून दाखवी, म्हणजे नीट कळलंय याची खात्री होई. मग ती उत्तर टाइप करी. वेळ उरला की गिलमन तिने लिहिलेलं तिला परत वाचून दाखवत आणि ती दुरुस्त्या सांगे.

निकाल? सगळ्या विषयांत पास. जर्मन आणि इंग्रजीत विशेष प्रावीण्य.

विद्यार्थिनीला काय लागतं हे आधी ओळखून तेवढी सोय केली, की काय होतं ते इथे दिसलं. प्रश्न सोपे केले नाहीत. फक्त प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचतील आणि तिची उत्तरं तपासणाऱ्यापर्यंत पोहोचतील एवढं बघितलं.

मग सगळं बिनसलं

दुसऱ्या वर्षी गणित, पदार्थविज्ञान, बीजगणित, भूमिती, ग्रीक आणि लॅटिन असे विषय होते. लागणारी पुस्तकं वेळेत ब्रेलमध्ये आली नाहीत. साधनं नव्हती. वर्ग मोठा, त्यामुळे शिक्षकांना तिच्यासाठी वेगळं थांबायला सवड नव्हती. भूमितीच्या आकृत्या फळ्यावर काढल्या जात, आणि फळा तिच्या काय कामाचा? सरळ आणि वाकड्या तारा उशीवर टोचून ती आकृत्या बनवू लागली. पण आकृतीतली अक्षरं, गृहीतक, सिद्धतेच्या पायऱ्या हे सगळं डोक्यातच धरून ठेवावं लागे.

साधनं उशिरा आली आणि गाडी हळूहळू रुळावर येऊ लागली. तेवढ्यात वेगळाच वाद उभा राहिला. गिलमन यांना वाटलं, मुलीवर फार ताण पडतोय, तिने शाळेत आणखी तीन वर्षं काढावीत. हेलनला तिच्या वर्गाबरोबरच कॉलेजात जायचं होतं. अ‍ॅन सुलिव्हन हेलनच्या बाजूने. वाद इतका वाढला की गिलमन यांनी अ‍ॅनना हेलनपासून वेगळं करण्याचा प्रयत्न केला. शेवटी आईने हेलन आणि तिची धाकटी बहीण मिल्ड्रेड दोघींना शाळेतून काढून घेतलं.

गिलमन वाईट माणूस नव्हते. त्यांनीच तर बोटांची अक्षरं शिकली होती. तिच्या काळजीपोटी त्यांनी तिचा वेग ठरवला, पण तिला न विचारता. आपल्याकडेही हे घरोघरी घडतं. झेपेल का, कशाला दगदग, एखादं वर्ष थांबू या, असं प्रेमानेच म्हटलं जातं. त्या बोलण्यात मुलाला किंवा मुलीला काय हवंय हे विचारायचं राहून जातं.

पुढे मर्टन कीथ या शिक्षकांनी तिला एकटीला शिकवलं. आधी आठवड्यातून दोनदा, मग आठ महिने आठवड्यातून पाच वेळा, रोज साधारण तासभर. इथे घाई नव्हती. न समजलेली गोष्ट कीथ पुन्हा समजावत. नावडतं गणितही तिला जमू लागलं. म्हणजे मुलगी तीच, विषय तेच, शिकवण्याची पद्धत तेवढी बदलली.

दुसरी परीक्षा: पेपर ब्रेलमध्ये, पण कुठल्या ब्रेलमध्ये?

29 आणि 30 जून 1899. अंतिम प्रवेश परीक्षा. या वेळी कॉलेजने सांगितलं, अ‍ॅन सुलिव्हन यांनी प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची नाही. त्याऐवजी पर्किन्समधल्या एका शिक्षकांना पेपर ब्रेलमध्ये उतरवायला नेमलं. त्यांची आणि हेलनची ओळख नव्हती आणि त्यांना हातावर अक्षरं उमटवता येत नव्हती. पर्यवेक्षकही अनोळखी. म्हणजे त्या खोलीत हेलनशी एक शब्द बोलू शकेल असं कुणीही नव्हतं.

वरवर बघता सोय झाली होती. पेपर ब्रेलमध्ये मिळणार, आणखी काय हवं?

गोम अशी की तेव्हा अमेरिकेत ब्रेल एक नव्हतं. इंग्लिश ब्रेल वेगळं, अमेरिकन ब्रेल वेगळं, न्यूयॉर्क पॉइंट नावाची तिसरीच लिपी. साधा मजकूर हेलनला तिन्हींत वाचता येई. पण गणिताची चिन्हं प्रत्येकात निराळी. बीजगणित ती इंग्लिश ब्रेलमध्ये शिकली होती आणि पेपर येणार होता अमेरिकन ब्रेलमध्ये.

हे तिला कळलं परीक्षेच्या दोन दिवस आधी, जुना एक पेपर नमुना म्हणून हातात आला तेव्हा. तिने तातडीने पत्र पाठवून चिन्हांचा तक्ता मागवला आणि पाठ करायला बसली. आदल्या रात्रीही कंस आणि वर्गमूळ यांच्या खुणा एकत्र आल्या की तिचा गोंधळ होत होता. कल्पना करा, उद्या गणिताचा पेपर आहे आणि तुम्ही अधिक-वजाची चिन्हं नव्याने शिकताय.

भर म्हणजे, टाइप केलेली उत्तरं तिला परत वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. चूक झाली असेल तर ती कागदावर तशीच राहणार.

तरीही ती पास झाली.

पण तिने जे गणित सोडवलं ते इतर कुठल्याच उमेदवाराला सोडवावं लागलं नव्हतं. कॉलेजने मुद्दाम छळ केला असं नाही. नियम सर्वांना सारखे असावेत इतकाच त्यांचा विचार होता. फक्त हिला कुठली लिपी येते, हे वेळेत कुणी विचारलं नाही.

रॅडक्लिफची चार वर्षं

पास झाल्यावरही कॉलेजने आणखी वर्षभर थांबण्याचा सल्ला दिला. हेलन थांबली, आणि 1900 च्या शरद ऋतूत रॅडक्लिफमध्ये दाखल झाली. पहिल्या वर्षी फ्रेंच, जर्मन, इतिहास, इंग्रजी लेखन आणि साहित्य.

पद्धत तीच. अ‍ॅन शेजारी, व्याख्यान तळहातावर. ब्रेलमध्ये पुस्तकं थोडी, बाकीची हातावर वाचायची. इतर मुली जो धडा अर्ध्या तासात वाचत त्याला हिला कितीतरी जास्त वेळ लागे. वेगवेगळ्या भाषांच्या लिपीसाठी अक्षरांचे भाग बदलता येतील असा हॅमंड कंपनीचा टाइपरायटर ती वापरी. अ‍ॅन यांची नजर आधीच अधू, त्यात रोज तासनतास वाचन. त्यांच्या डोळ्यांनी याची किंमत मोजली.

याच काळात लेखनाच्या वर्गातून हेलनचं आत्मचरित्र आकाराला आलं. आधी मासिकात क्रमशः आणि 1903 साली पुस्तकरूपाने. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचं हे पुस्तक जगभर गेलं.

28 जून 1904. हेलन केलर विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाली. पदवी मिळवणारी जगातली पहिली अंध-कर्णबधिर व्यक्ती. बहुतेक व्याख्यानं आणि पुस्तकं अ‍ॅन यांच्या बोटांतून गेली होती, पण पदवीच्या कागदावर नाव फक्त एकीचं होतं. आजही लेखनिक, सांकेतिक भाषेचे दुभाषे आणि मुलांसोबत वर्गात बसणाऱ्या आया यांचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

पदवीनंतर तिने काय केलं?

कॉलेजात असतानाच बोस्टनमधल्या काही कार्यकर्त्यांनी तिला गाठलं. शाळेतून बाहेर पडलेल्या प्रौढ अंधांना काम मिळत नाही, त्यांच्यासाठी काहीतरी उभं करू या, असं त्यांचं म्हणणं. हेलन कामाला लागली, विधिमंडळापुढे जाऊन बोलली. 1906 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने अंधांसाठी आयोग नेमला आणि हेलनला त्यावर सदस्य म्हणून घेतलं.

जिने अनेक लिप्या शिकण्यात वेळ घालवला, तिने सगळ्यांसाठी एकच ब्रेल असावं याचा आग्रह धरला नसता तरच नवल. 1932 साली इंग्लंड आणि अमेरिका यांनी इंग्रजीसाठी एक प्रमाण ब्रेल मान्य केलं. 1924 पासून ती अंधांसाठीच्या अमेरिकन फाउंडेशनबरोबर काम करत होती. निधी, पुस्तकं, कायदे यांसाठी ती पुढची कित्येक वर्षं फिरत राहिली.

तिच्या आयुष्यातली एक काळी बाजूही सांगायला हवी. 1915 साली शिकागोत एका डॉक्टरने गंभीर व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळावर शस्त्रक्रिया न करता त्याला मरू दिलं. हेलनने 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकात लिहून त्या डॉक्टरची बाजू घेतली. ज्यांची बुद्धी वाढणारच नाही त्यांच्या जगण्याला अर्थ नाही, असा त्या काळी बोकाळलेला विचार तिनेही उचलला होता. जिला जगाने आधी निकामी ठरवलं होतं, तीच दुसऱ्या कुणाला निकामी ठरवत होती. हुशार दिव्यांगाचं कौतुक करायचं आणि बौद्धिक दिव्यांग मुलाला विसरायचं, ही सवय अजून गेलेली नाही. म्हणून ही गोष्ट झाकून चालत नाही.

1955 साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, तिने आशियाचा मोठा दौरा केला. त्यात ती भारतातही आली. त्याच वर्षी हार्वर्डने तिला सन्माननीय पदवी दिली, आणि हा मान मिळालेली ती पहिली स्त्री ठरली. मुलगी म्हणून जिथे तिला प्रवेश नव्हता, तेच हे विद्यापीठ. 1 जून 1968 रोजी तिचं निधन झालं. मुंबईत 1977 साली अंध-कर्णबधिर मुलांसाठी संस्था सुरू झाली, तिला नाव दिलं गेलं ते हेलन केलरचंच.

आज आपल्याकडे काय आहे?

हेलनला जे ओळखीने आणि देणगीने मिळालं, त्यातलं काही आज हक्काने मिळतं. भारतीय भाषांसाठी 1951 पासून एकच भारती ब्रेल आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत 5 वर्षांची सूट आहे. लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्यांना तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ द्यावा, असं केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं.

पण याच कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क आहे तो वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत. म्हणजे हेलनची खटपट जिथे सुरू झाली, त्याच वयाच्या आसपास आपल्याकडे सरकारचा हात सुटतो. आणि राखीव जागा मिळाली म्हणजे शिक्षण मिळालं असं नाही. हेलनलाही रॅडक्लिफचा पेपर ब्रेलमध्ये मिळालाच होता की.

तुमच्या घरात किंवा ओळखीत असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर कॉलेज ठरवताना प्रवेश मिळतो का एवढंच विचारून थांबू नका. पुस्तकं त्याला वाचता येतील अशा रूपात सत्र सुरू होण्याआधी मिळतील का? परीक्षेचा पेपर कसा येणार, हे महिनाभर आधी लेखी सांगाल का? लेखनिक कोण आणि त्याला विषयाची चिन्हं येतात का? अडलं तर कुणाकडे जायचं, त्या माणसाचं नाव काय? अभ्यासक्रम संपल्यावर काम कुठे मिळू शकतं? आणि ज्याचा बारावीचा अभ्यास होणार नाही, त्याच्यासाठी कोणतं कामाचं शिक्षण आहे?

आणि हे सगळं ठरवायच्या खोलीत त्या मुलाला किंवा मुलीलाही बसवा. त्याचा वेग, त्याची लिपी, त्याचा विषय याबद्दल पहिला प्रश्न त्यालाच विचारा. गिलमन आणि कॉलेज दोघांकडूनही नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.